घाटात माझ्या पुढे कुणी नव्हतं

यंदा थंडी जरा लवकरच आली. दारव्हा रोडवरच्या टपरीपुढच्या बाकावर मी सकाळी सातला नेहमीसारखा बसलो होतो. कानाला मफलर, हातात चहा आणि डोक्यात काहीही नाही. ब्याऐंशीव्या वर्षी एवढं सुख पुरतं. तेवढ्यात वळणावरून दहा-बारा सायकली आल्या. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर टरबुजाच्या फोडीसारखे टोप, बोटाएवढी बारीक चाकं. मागून एक जीप, तिच्यात केळी, पाण्याचे डबे आणि पंक्चर काढणारा माणूस. टपरीवाल्यानं चौकशी केली तेव्हा कळलं, ही मंडळी पुण्या-नागपूरची, सुट्टी घालवायला आलेली, आणि पाच दिवस सायकलवरून पुसदकडचे डोंगर हिंडणार होती. त्यांची वाटाडी एक पंचविशीची मुलगी होती. तिनं शिट्टी फुंकली, सगळ्यांना गोळा केलं आणि खणखणीत आवाजात बजावलं, "घाटात माझ्या पुढे कुणीही जायचं नाही. कितीही चांगली चालवता येत असली तरी नाही."

मी बाकावरून उठलोच. "पोरी," म्हटलं, "हा कायदा माहा हाय."

तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. "काका, तुम्हीही सायकल चालवायचे का?" असं गोड हसून तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती निघाली. तिच्यामागे ओळीनं सगळे निघाले. ती ओळ दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. चहा गार झाला. आणि सांगायला लाज कशाला, छाती जी फुगली ती दुपारच्या जेवणापर्यंत खाली आली नाही. घरी सून म्हणाली, "बाबा, कुणाशी भांडून आले काय?" अभिमान आणि भांडण माझ्या चेहऱ्यावर सारखंच दिसतं, त्याला माझा इलाज नाही.

चालवायचो का, म्हणे! त्या काळात माझी सायकल आणि मी वेगळे दिसलो तर लोक विचारायचे, बरं आहे ना सगळं. मी मलेरिया खात्यात फवारणीचं काम करायचो. कॅरिअरवर पितळी पंप, दांड्याला पावडरीची पिशवी, खिशात गेरूचा खडा. घराच्या भिंती फवारायच्या आणि दारावर गेरूनं तारीख लिहायची. दिग्रस, पुसद, उमरखेड, त्या डोंगररांगेतलं एकेक गाव, एकेक तांडा माझ्या चाकाखालून गेला होता. कुठल्या वळणावर खडी सुटलेली आहे, कुठल्या नाल्याला माघापर्यंत पाणी असतं, कुठं अस्वल मोहाखाली येतं, हे मला घरातल्या डब्यांसारखं पाठ होतं. बाया ओरडायच्या, तुझ्या औषधानं ढेकूण मरत नाहीत, मांजर मरते. पण दार उघडायच्या. पंप खांद्यावर असला की मी स्वयंपाकघरात जायचो, देवघरात जायचो, माजघराच्या कोपऱ्यापर्यंत जायचो. ज्या घरांच्या ओट्याला माझ्या बापाचं पाऊल कधी लागलं नव्हतं, त्या घरांच्या आढ्यापर्यंत मी फवारा मारला आहे. कुणी नाक मुरडलं तर मी मुद्दाम दोन मिनिटं जास्त फवारायचो.

बापाचं सांगितल्याशिवाय, माझा तो कायदा ज्या हिवाळ्यात झाला त्याचं काही कळणार नाही. आमचं गाव दिग्रसकडून पुसदला जाताना जो घाट लागतो त्याच्या अगदी पायथ्याशी. तिथली महारकी आमच्या घराकडे होती. तिची कामं पुष्कळ, पण बाच्या वाट्याला आलेलं सगळ्यात कष्टाचं काम म्हणजे वाट दाखवणं. गावात अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे पळत जायचं. अनवाणी, आपल्या गावच्या शिवेपर्यंत. शिवेवर पुढच्या गावचा आपल्यासारखाच एक जण उभा असे. तिथं रस्त्याच्या डाव्या अंगाला सरून, मान खाली घालून उभं राहायचं, घोडा पुढे जाऊ द्यायचा आणि परत फिरायचं. पुढच्या शिवेपर्यंत तो पळणार. बा सांगायचा, "मले घोडा कधी दिसलाच नाई. मानीवर त्याचा श्वास लागे, तेवढाच समजे." घाटातून सुद्धा तो असा पळाला होता. रस्ता तर एकच, चुकणार कुठे? पण साहेबापुढे कुणीतरी पळत असावं लागतं, त्याशिवाय साहेब आल्यासारखं वाटत नाही.

मग छप्पन्न साल आलं. आम्ही सगळे नागपूरला जाऊन आलो, बौद्ध झालो. परत आल्यावर बा पाटलाकडे गेला, उभ्या उभ्या सांगून आला की आजपासून आमच्याकडून हे काम होणार नाही. पाटील काय म्हणाला ते त्यानं घरी सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "आपल्या घरातलं मानूस आता कोनाच्या समोर पळनार नाई." पुढची दोन वर्षं गावानं त्याला मजुरीला बोलावलं नाही. तो चार कोसांवर दुसऱ्या गावी कापूस वेचायला जायचा आणि संध्याकाळी ताठ मानेनं, पाटलाच्या घरावरून परत यायचा. दुसरी वाट होती, जवळची होती, पण त्यानं ती कधी धरली नाही.

दीक्षेनंतरचा तो तिसरा हिवाळा. परांजपे मास्तर मला यवतमाळात भेटले. हायस्कुलात भूगोल शिकवायचे, पन्नाशीचे, काटकुळे, पण उत्साह असा की विसाव्या वर्षी मलाही नव्हता. त्यांच्या शाळेत फवारणीला गेलो होतो तेव्हा त्यांनी नकाशा काढून माझ्याकडून डोंगरातल्या गावांची नावं दुरुस्त करून घेतली होती. आता ते म्हणाले, "किसनराव, नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच जण सायकलनं पहाड बघायला निघालोय. पुसदवरून थेट पैनगंगेच्या धबधब्यापर्यंत. तुम्ही आम्हाला न्याल का?" किसनराव! यवतमाळात मला किसन म्हणत, गावात किसन्या. किसनराव म्हणणारा हा पहिला माणूस. मी हुरळलो, पण तोंडावर काही दाखवलं नाही. दोन अटी घातल्या. घाटात माझ्यापुढे कुणी जाणार नाही. आणि मी जिथं जेवीन तिथंच सगळे जेवतील, एका पंगतीत. मास्तर म्हणाले, "मान्य." त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही, हे मला फार आवडलं.

रविवारी गावी जाऊन मी ही बातमी मोठ्या तोऱ्यात सांगितली. बा जेवत होता. त्यानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"वाटाड्या म्हून चालला?"

"हो."

"कोनाच्या समोर?"

"मास्तर हायेत, एक देशमुख वकील हायेत, पोस्टातले तिघं हायेत."

"म्हंजे पुन्हा थेच. मी घोड्यासमोर पळलो, तू सायकलीसमोर पळ. मंग नागपूरले कायले गेलतो आपन?"

"बा, मी पळून नाई राह्यलो. मी नेऊन राह्यलो त्यायले."

"थे तुले वाटते. तू त्यायले नेऊन राह्यला का थे तुले समोर घालून नेऊन राह्यले, थे रस्त्यावर दिसन."

तो हात धुऊन उठला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनासा झाला. माय मध्ये पडली तर तिलाही गप्प केलं. मी नाही म्हणून कळवू शकलो असतो. रात्रभर तसं ठरवलंही. पण सकाळी उठलो तो हट्टानं. बा चुकतोय हे मला माहीत होतं. मला फक्त ते सिद्ध करता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात भीती होती की चुकणारा मीच असेन. बापानं दोन वर्षं उपाशी राहून जी मान वर काढली, ती मी सहा दिवसांच्या सहलीत खाली घालून येईन, ही भीती घेऊनच मी पायडल मारलं.

पण तो हिवाळा काय होता! यवतमाळ मागे टाकलं तेव्हा तुरी पिवळ्या फुलांनी डवरल्या होत्या आणि जवसाच्या निळ्या पट्ट्या मधूनमधून दिसत होत्या. कापसाच्या गाड्या यवतमाळच्या जिनाकडे निघालेल्या, एकामागे एक, बोंडांचे पांढरे पुंजके बाभळींना अडकलेले. आज त्याच रस्त्यानं एस.टी.नं गेलो तर जिकडेतिकडे सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं दिसतात. तेव्हा डिसेंबरात जमीन अशी मोकळी दिसत नसे. मुरमाचा रस्ता दवानं ओला, चाकाखाली करकर वाजणारा. हाताची बोटं हँडलवर गोठायची. मास्तर हाफपँट घालून आले होते आणि थंडीनं त्यांचे गुडघे जांभळे पडले होते, तरी प्रत्येक टेकडीशी थांबून खडक कुठला ते सांगायचे. पोस्टातले तिघे कायम एकत्र, कायम काहीतरी खात. वकिलांची सायकल नवी कोरी, तिला डायनामोचा दिवा, आणि घंटी अशी की बैल बुजायचे. रस्ताभर ते मला "ए वाटाड्या" म्हणत होते. मी ऐकून घेतलं. मास्तर दरवेळी तेवढ्यात "किसनराव" म्हणून काहीतरी विचारायचे. ते मुद्दाम असायचं हे मला पुढे खूप वर्षांनी उमगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावाची शिव आली. तिथं जे झालं ते आठवलं की आजही माझे कान तापतात. शिवेच्या चिंचेशी आलो आणि काहीही न ठरवता मी ब्रेक दाबला. उतरलो, सायकल रस्त्याच्या डाव्या अंगाला घेतली आणि मान खाली घालून उभा राहिलो. मी हे काम जन्मात केलं नव्हतं. लहानपणी बापाला फक्त करताना पाहिलं होतं. मागे माणसं आहेत, पुढे शिव आहे, एवढ्यावर पायांनी आपल्या मनानं ते करून टाकलं.

मागचे पाचही थांबले. "काय झालं?" मास्तरांनी विचारलं. वकील म्हणाले, "रस्ता तं सरळच हाय ना? चला मंग," आणि पुढे निघाले. मास्तरांनी त्यांचं कॅरिअर धरलं.

"थांबा. किसनरावांच्या पुढे जायचं नाही असं ठरलंय."

"अहो, थो बाजूले उभा हाय!"

"मग आपणही उभे राहू."

आणि खरंच राहिले. पाच माणसं माझ्यामागे, रस्त्यावर एक पाय टेकवून, माझी वाट बघत. कुणी पुढे जाईना. घोडा पुढे गेला नाही, असं माझ्या मनात आलं. मी चेन बघितल्याचं सोंग केलं, सायकलवर बसलो आणि गावात शिरलो. पाटलाच्या घरावरून, भर रस्त्यानं, सगळ्यांच्या पुढे. माय दारात उभी होती, तिनं हात वर केला. बा घरी नव्हता. मला बघायला लागू नये म्हणून तो उजाडायच्या आधी, झाकटीतच रानात गेला होता.

घाट चढताना त्या दिवसांत कुणी सायकलवर बसून चढत नसे. उतरायचं, ढकलायचं, दम खायचा. बिनगिअरच्या जड सायकली त्या. पण चढ हा नुसता कष्टाचा असतो. खरी परीक्षा उताराला. ब्रेक म्हणजे दोन रबरी ठोकळे. लांब उतारावर ते तापतात, जळका वास येतो आणि मग कितीही दाबा, सायकल ऐकत नाही. सायकलवर पंप लादून उतरणाऱ्या आम्हा मलेरियावाल्यांनी त्यावर उपाय काढला होता. माथ्यावर पळसाची एक भरगच्च फांदी तोडायची, दोरीनं कॅरिअरला बांधायची आणि मागे फरफटत न्यायची. फांदी जमिनीला धरून ठेवते, सायकल आवरते. धूळ उडते, आवाज होतो, पण माणूस घरी पोचतो. मी सगळ्यांसाठी फांद्या तोडल्या. मास्तरांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी वहीत तिचं चित्र काढलं. पोस्टातल्या तिघांनी एकमेकांच्या फांद्या बांधल्या.

वकील म्हणाले, "हे शेपूट लावून मी नाई येनार. माह्ये ब्रेक नवे हायेत."

"वकीलसाहेब, ब्रेक नवा असो का जुना, घाट जुनाच हाय."

"तू मले शिकवू नको, ए!" आणि घंटी वाजवत ते सुटले. माझा कायदा मोडून, माझ्यापुढे.

मी ओरडलो नाही. राग तर असा आला होता की वाटलं, जा म्हणावं, भोग फळं. पण माणसं मी आणली होती, आणि माझ्या हिशेबी पाच म्हणजे पाच. मागोमाग निघालो. दुसऱ्या वळणावर जळक्या रबराचा वास आला, तिसऱ्यावर नुसती सायकल दिसली, चाक वर करून फिरत असलेली. वकील खालच्या तरोट्याच्या झुडपात बसले होते, कोपर सोललेलं, टोपी गायब, चेहऱ्यावर लहान मुलासारखं आश्चर्य. मी माझा दुपट्टा फाडून त्यांचं कोपर बांधलं. पुढचं चाक वाकून आठाचा आकडा झालं होतं. ते काढून, पायाखाली दाबून, तारा आवळून फिरतं केलं. अर्धा तास गेला. मग मी वर जाऊन एक फांदी आणली आणि त्यांच्या कॅरिअरला बांधली. हात दुखत होता त्यांचा, नाहीतर बांधली नसती. ते उठले आणि माझ्यामागे आले.

त्या दिवशी दुपारी आम्ही एका तांड्यावर जेवलो. तिथल्या म्हाताऱ्या याडीनं, बंजारा लोक आईला याडी म्हणतात, मला ओळखलं. मागच्या वर्षी तिच्या झोपडीत मी फवारलं होतं आणि तिची कोंबडी मेली होती, ते काही ती विसरली नव्हती. तरी तिनं आम्हा सहाही जणांना मोहाखाली बसवलं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर, वर कच्चा कांदा. मी बसलो. मास्तर माझ्या उजवीकडे बसले. पोस्टातले तिघे बसले. वकील उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचे बूट मला दिसत होते. भरिताचा वास दरवळत होता. कुणी त्यांना बस म्हटलं नाही. मग ते बूट निघाले आणि वकील माझ्या डावीकडे मांडी घालून बसले. तीन भाकरी खाल्ल्या त्यांनी. भुकेनं बसले की मनानं, हे मी कधी विचारलं नाही. पंगत एक झाली, माझी अट तेवढीच होती.

धबधब्याचं मी फार सांगणार नाही. पाणी पडत होतं, मोठं होतं, मास्तर आनंदानं वेडे झाले, पोस्टातल्यांनी तुरीच्या शेंगा उकडल्या. मला मात्र त्यापेक्षा एक साधी गोष्ट आठवते. चौथ्या दिवशी सकाळी, धुकं असताना, मागून आवाज आला, "किसनराव, आता चढ हाय का उतार?" आवाज वकिलांचा होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा किसनराव म्हणून. मग सांगितलं, "चढ." कोता स्वभाव म्हणा हवं तर. दोनदा ऐकायची हौस होती, ती मी भागवून घेतली.

आज गुडघे जिना चढताना कुरकुरतात, पण ते दिवस आठवले की पोटऱ्यांत काहीतरी ताठ होतं. माणसाला आयुष्यात किती वेळा असं वाटतं, की आपल्याला जे येतं ते इथं दुसऱ्या कुणालाच येत नाही, आणि जे मागे येत आहेत त्यांनाही ते माहीत आहे? नोकरी मी पुढे तीस वर्षं केली, बढत्या झाल्या, निरोपाला हार पडले. पण तसं वाटलं ते त्या सहा दिवसांतच.

परतीला पुन्हा तोच घाट, आता आमच्या गावाच्या बाजूनं उतरायचा. माथ्यावर थांबलो. मी फांद्या तोडून दिल्या, ज्यानं त्यानं आपापली बांधली. मी पुढे, माझ्यामागे वीस-पंचवीस हातांवर मास्तर, मग वकील, मग पोस्टातले. वळणं इतकी की मागचा पुढच्याला दिसत नव्हता. धुळीचा लोट, फांद्यांची खरखर. शेवटच्या वळणाशी आलो आणि खाली नाल्याच्या फरशीवर, रपट्यावर, एक माणूस उभा दिसला. बा होता. माय पुढे म्हणाली की तो पहाटेपासून तिथं जाऊन बसला होता, काही न सांगता.

त्यानं मला पाहिलं. आणि माझ्यामागे फरफटत येणारी फांदी पाहिली.

इथं एक सांगायला हवं. दीक्षेच्या आधी गावोगाव सभा व्हायच्या. त्यात एक गोष्ट नेहमी सांगत, जुन्या राजवटीतली. आपल्या माणसाच्या कमरेला मागे झाडाची फांदी बांधत असत, चालताना त्याच्या पावलांचे ठसे पुसले जावेत म्हणून. त्याच्या पावलावर वरच्यांचं पाऊल पडू नये म्हणून. मी ती गोष्ट बाच्या मांडीला मांडी लावून ऐकली होती. त्या रात्री तो जेवला नव्हता. आणि तरीही इतके दिवस मी घाटात फांदी बांधत होतो, पण त्या गोष्टीची आठवण मला एकदाही झाली नव्हती. माझ्यासाठी तो ब्रेक होता. बाच्या मनात मात्र ती गोष्ट जिवंत होती, आणि आता तो बघत होता की त्याचा मुलगा, सायबालोकांपुढे, मागे फांदी बांधून येतो आहे.

तो रस्त्याच्या मध्यभागी आला. हातात दगड होता. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"सोड! सोड थे आधी! कोनं बांधलं तुह्यामागं?"

"बा, ऐक..."

"कोनं बांधलं, नाव सांग त्याचं!"

त्याला काय दिसतंय ते माझ्या लक्षात आलं. काय सांगणार होतो? मीच बांधली असं सांगितलं असतं तर तो दगड त्यानं स्वतःच्या डोक्यात मारून घेतला असता. तेवढ्यात वळणावर खरखर झाली. परांजपे मास्तर आले, जांभळे गुडघे, जानव्यासकट घामेजलेले, आणि मागे पळसाची भलीमोठी फांदी. ते थांबले. त्यांच्यामागे देशमुख वकील आले, धुळीनं भुवया पांढऱ्या, आणि मागे फांदी. मग पोस्टातले तिघे, तीन फांद्या. सगळे माझ्यामागे ओळीनं उभे राहिले. "मास्तर, वकीलसाहेब, हा माहा बा हाय," एवढंच मी म्हटलं; बाकी कुणाला काही कळेना.

बा बघत राहिला. मग त्यानं हातातला दगड रस्त्याच्या कडेला नीट ठेवून दिला, जणू तो तिथलाच होता. तो मास्तरांच्या मागे गेला, त्यांची फांदी पाहिली. वकिलांच्या मागे गेला, ती पाहिली. तिघांच्या पाहिल्या. वर घाटाकडे पाहिलं. मुरमावर एकाही चाकाची खूण उरली नव्हती, ना माझ्या, ना मास्तरांच्या, ना वकिलांच्या. सगळा रस्ता सारखा झाडलेला.

"हे तुमाले कोनं लावलं?" त्यानं वकिलांना विचारलं.

वकिलांनी कपाळाचा घाम पुसला. "तुमच्या पोरानं. घाटात त्याचंच ऐका लागते. नाई ऐकलं तं काय होते, थे मी पाहून बसलो."

बाचे ओठ हलले. तो हसला असावा; त्याला हसताना मी इतक्या कमी वेळा पाहिलं होतं की खात्रीनं सांगता येत नाही. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. पाठीमागे हात बांधून तो पुन्हा वकिलांच्या सायकलीजवळ गेला, थोडा वाकला आणि मोठ्यानं, सगळ्या घाटाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "वकीलसाहेब, गाठ ढिली झाली तुमची. उतरा, बांधून घ्या. माह्या पोराच्या मागं याचं असन, तं नीट बांधा लागते."

वकील उतरले. माझ्या बापाच्या पायांशी, रस्त्यावर उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी गाठ आवळू लागले. बा वाकून बघत होता, आणि ती पक्की झाल्याशिवाय त्यानं आम्हाला पुढे जाऊ दिलं नाही.